मानेच्या दुखापतीनंतर श्वासाचे व्यायाम : सल्ला हवा आहे

प्रश्न
माझा धाकटा भाऊ तीन महिन्यांपूर्वी आंबे उतरवताना झाडावरून पडला आणि मानेच्या सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. तो आता घरी आहे. मात्र खोकल्यात जोर नसल्यामुळे घशाशी आलेला कफही सुटत नाही, आणि आडवा असताना बरा वाटणारा श्वास खुर्चीत बसवताच अपुरा पडतो. तीन चेंडूंचे स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचे उपकरण) मिळाले आहे, पण एकही चेंडू हलत नाही. घरी काय करून घ्यावे?

प्रतिसाद १
माझ्या यजमानांना अशीच दुखापत होऊन सहा वर्षे झाली. आधी हे पाहा, की भाऊ नळीत फुंकर तर मारत नाही ना? आमच्याकडे चार दिवस तेच चालले होते! श्वास पूर्ण सोडून, ओठ नळीभोवती घट्ट मिटून, हवा सावकाश आत ओढायची आणि दोन-तीन सेकंद रोखायची असते. उपकरण तुम्हीच सरळ उभे धरा, कारण ते कलले की चेंडू फुकट वर चढतो. चक्कर आल्यास थांबा.

बसल्यावर धाप लागण्याचे कारण पोटात आहे. श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूची, नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते, म्हणून ती शाबूत राहिली. पोटाचे स्नायू मात्र लुळे पडल्यामुळे बसताच पोट पुढे ओघळते, श्वासपटल खाली सपाट होते आणि त्याला ओढायला वाव उरत नाही. बसवण्यापूर्वी पोटाचा पट्टा बांधल्याने आम्हाला पुष्कळ फरक पडला. तो बरगड्यांवर चढू देऊ नये आणि सोडल्यावर त्वचेवर वळ उठले आहेत का ते रोज पाहावे, कारण टोचलेले त्याला कळणार नाही.

प्रतिसाद २
मी फिजिओथेरपिस्ट आहे. कफासाठी, त्याने खोल श्वास घेऊन खोकताना त्याच क्षणी बेंबीच्या वर तळहाताने आत आणि वरच्या दिशेने दाब द्यावा लागतो. हे वाचून करू नये. मणका स्थिर असल्याची शल्यविशारदांकडून खात्री करून घ्यावी आणि थेरपिस्टसमोर हात बसवून घ्यावा. जेवणानंतर लगेच किंवा बरगडी मोडलेली असल्यास दाब देऊ नये. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत याच क्षेत्राचे काम चालते.

व्यायाम चालू असताना अचानक डोके ठणकू लागले आणि चेहऱ्यावर घाम फुटला, तर पट्टा सैल करून त्याला उठवून बसवा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा, आणि आराम न पडल्यास तातडीने रुग्णालय गाठा. ताप, कफाचा बदललेला रंग किंवा निळसर ओठ दिसल्यास व्यायामावर विसंबू नका.

प्रश्नकर्ता
तो फुंकरच मारत होता. आज पहिला चेंडू बोटभर उचलला गेला. पट्टा बसवून बांधायचा की झोपवून?

प्रतिसाद १
झोपवूनच, आणि पोटाचा घेरही तसाच मोजून न्या.