कांजिण्या होऊन गेल्या असतील तरी नागिणीची लस घ्या

काका, ‘लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, आता नागिणीची लस कशाला?’ असं विचारलंत. अहो, म्हणूनच तर घ्यायची! कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि वयानुसार प्रतिकारशक्ती कमी झाली की नागीण होऊन डोकं वर काढतो. माझ्या आईला ७१व्या वर्षी नागीण झाली. पुरळ तीन आठवड्यांत वाळलं, पण कमरेची आग आठ महिने गेली नाही. साडीची निरी टेकली तरी कळवळायची.

पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, खरंय. दंड एक-दोन दिवस ठणकतो, कणकण येते, इतकंच. फ्लूची लस मात्र दरवर्षी लागते. तुम्हाला मधुमेह आहे म्हणालात, तर न्यूमोनियाच्या लसीचंही डॉक्टरांना याच खेपेला विचारा.