आरीने भोक पाडताना लाकूड का चिरते?

प्रश्न : वडिलांची चामड्याच्या कामाची आरी माझ्याकडे आहे. तिने पट्ट्याला स्वच्छ छिद्र पडते. परंतु सागवानी पेटीच्या बिजागरीचे स्क्रू बसवण्यासाठी तीच आरी फळीच्या कडेजवळ दाबली, तेव्हा लाकूड चिरले. दोन्ही कामांना एकच हत्यार चालत नाही का?

उत्तर १ : आपल्या आरीचे टोक बहुधा गोल असावे. असे टोक काहीही कापत नाही, केवळ तंतू बाजूला सारते. चामड्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ते ताण सोसतात, मात्र लाकडाचे तंतू एकाच दिशेने धावत असल्याने टोक पाचरीसारखे काम करते. लाकडासाठी चपट्या धारेचे किंवा चौकोनी टोक घ्यावे, धार तंतूंना आडवी ठेवावी, आणि हात डावी-उजवीकडे फिरवत हळूहळू दाब वाढवावा. सागासाठी, तेही कडेजवळ, मी तर आधी गिरमिटाने बारीक भोक पाडून घेईन.

उत्तर २ : वरील उत्तराशी सहमत आहे. कोल्हापुरी चपलेत खिळे न वापरता चामड्याचीच वादी आरीने पाडलेल्या भोकांतून ओवतात, म्हणून तिथे भोक नेमके हवे; टोकाला मेण लावल्यास आरी सहज शिरते.

एक कळकळीची विनंती : मुलांपासून आरी दूर ठेवा. लुई ब्रेल यांच्या डोळ्याला वडिलांच्या खोगीर-कारखान्यात अशाच हत्याराने इजा झाली, तेव्हा ते अवघे ३ वर्षांचे होते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. टोक खरोखरच गोल निघाले.