कॉन्डोत रोजचा स्वयंपाक आणि शनिवारचा सिनेमा, दोन्हीवर तक्रार आलीये, सुरुवात कुठून करू?

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आत्तापर्यंत आम्ही भाड्याच्या सुट्या घरात राहायचो, आता स्वतःचा कॉन्डो, म्हणजे मोठ्या इमारतीतला मालकीचा फ्लॅट, घेतलाय. घर आवडलंय, प्रश्न घराचा नाहीये. प्रश्न असा की इमारतीच्या मॅनेजरकडून एक मेल आलाय आणि त्यात एकदम दोन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे आमच्या स्वयंपाकाचा वास कॉरिडॉरमध्ये येतो आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या चक्क बाथरूममध्ये येतो. दुसरी, शनिवारी रात्री आमच्याकडून "धडधड" ऐकू येते.

आम्ही रोज घरीच करतो, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे कांदा-लसूण परतणं, फोडणी, कधी मासे तळणं हे चालणारच, त्यावर चिमणी लावतो, वर बाथरूमचा पंखाही लावतो म्हणजे घरात वास राहू नये. आणि सिनेमा हा आमचा एकमेव शौक आहे, बाहेर जाणं जमत नाही म्हणून साउंडबार आणि तो वेगळा सबवूफर (बास, म्हणजे खोल आवाज काढणारा स्पीकर) घेतला, तो कोपऱ्यात ठेवलाय कारण दुसरीकडे जागाच नाही. आवाज मोठा ठेवतो असंही नाही हो, पण संवाद ऐकूच येत नाहीत म्हणून वाढवावा लागतो आणि मग मारामारी सुरू झाली की रिमोट शोधायची पळापळ. नवरा म्हणतो घर आपलं आहे, शांततेची वेळ सुरू व्हायच्या आत बघतोय, तर कोणाचं काय जातं. मला भांडण नकोय, पण उकडलेलं खाऊन मूकपट बघायची पण तयारी नाही.

चिमणीखालचा:
ताई, आधी एक बघा, चिमणीचा पाइप बाहेर जातो का? वरचं कपाट उघडा. तिथे डक्ट दिसला तर हवा इमारतीबाहेर किंवा शाफ्टमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या सामाईक उभ्या पोकळीत जाते. काहीच दिसलं नाही आणि चिमणी चालू असताना वरच्या किंवा पुढच्या फटीतून तोंडावर वारा आला तर ती नुसती फिरवाफिरवी करणारी चिमणी आहे, म्हणजे तीच हवा गाळून परत खोलीत. अशा चिमणीत दोन फिल्टर असतात. जाळीचा फिल्टर तेल पकडतो, तो साबणाच्या गरम पाण्यात धुवायचा. कोळशाचा फिल्टर वास पकडतो आणि तो बहुतेक मॉडेलांत धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो, रोज स्वयंपाक असेल तर दर काही महिन्यांनी. लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत आणि मग चिमणीला शिव्या घालतात.

बाकी सवयीच्या गोष्टी. गॅस पेटवायच्या आधीच चिमणी लावा आणि झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. तळण मागच्या बर्नरवर करा, पुढच्या बर्नरची वाफ चिमणीच्या तोंडाबाहेरूनच निसटते, हा फरक खरंच मोठा असतो. आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नका, खरा चिकट वास त्या निळसर धुराचा असतो. रिफाइंड तेल साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे कुठेतरी धूर सोडतं, न गाळलेलं त्याच्या बरंच आधी, आणि तळायला १७०-१८० पुरतं. त्यामुळे तेल धुरावलं की समजायचं आच उगाच मोठी आहे.

उगाचच:
मी काय म्हणतो, एवढा कर्जाचा हप्ता भरायचा, वर दर महिन्याला मेंटेनन्स भरायचा, आणि मासे तळायला वरच्यांची परवानगी घ्यायची? शेजाऱ्यांच्या नाकासाठी आपण जेवण बदलायचं नाही. मी तर उत्तरच दिलं नसतं त्या मेलला.

माजी_बोर्डवाला:
@उगाचच उत्तर न देणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, मी आमच्या इमारतीच्या बोर्डावर, म्हणजे मालकांच्या समितीवर होतो म्हणून सांगतो, अनुत्तरित तक्रार फाइलमध्ये तशीच राहते आणि पुढच्या वेळी तीच काढून दाखवतात. ताई, दोन ओळींचं उत्तर लिहून टाका, मेल मिळाला, आमच्या बाजूची तपासणी करतोय, इमारतीच्या बाजूनेही करावी. त्यातली ही शेवटची मागणी अगदी नक्की लिहा.

कारण कॉन्डोत तुमच्या मालकीचं काय तर ढोबळमानाने भिंतींच्या आतलं. शाफ्ट, कॉरिडॉर, मुख्य पाइप, छतावरचे पंखे हे सगळ्यांचं सामाईक, त्याची देखभाल तुमच्याच मेंटेनन्समधून होते. नेमकी रेषा कुठे आहे ते प्रत्येक इमारतीच्या घोषणापत्रात, म्हणजे कॉन्डोच्या मूळ कायदेशीर कागदात लिहिलेलं असतं, ते एकदा वाचाच, कंटाळवाणं आहे पण वाचा. कॉरिडॉरच्या वासाबद्दल तर मला इमारतीचाच संशय येतो. बऱ्याच उंच इमारतींत कॉरिडॉरमध्ये मुद्दाम ताजी हवा ढकललेली असते, म्हणजे हवेचा दाब कॉरिडॉरमध्ये जास्त आणि घरात कमी, आणि हवा दाराखालच्या फटीतून आत यायची. तुमच्याकडे तशी व्यवस्था असेल आणि तरी उलट घरातली हवा बाहेर येत असेल तर ती हवा ढकलणारा पंखा बंद असणार, नाहीतर त्याचे फिल्टर चोंदले असणार. कोणीतरी सांगेल दाराखाली पट्टी लावा, विचारल्याशिवाय लावू नका, ती फट बरेचदा हवा यायची वाटच असते. आणि धूर झाला म्हणून मुख्य दार कॉरिडॉरमध्ये उघडायचं नाही, एक तर ते आगरोधक दार असतं, आणि बाहेरचा स्मोक डिटेक्टर वाजला की सगळी इमारत पायजम्यात खाली.

अजून एक, विषय निघालाय म्हणून. तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. सामाईक पाइपात ते गार होऊन चिकटतं आणि तुंबलेलं पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या सिंकमधून वर येतं. मग तिसरी तक्रार.

शेवटची_रांग:
सिनेमाचं माझ्याकडे द्या. धडधड म्हणजे तुमचा सबवूफरच, दुसरं काही नाही. ४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, तुमच्या खोलीपेक्षा मोठी, तो भिंत-बिंत काही मानत नाही. म्हणून ते फोमचे चौकोन चिकटवण्यात पैसे घालू नका, त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, शेजारी जाणारा बास अजिबात नाही. सबवूफरखाली रबराचे पॅड ठेवलेत तर जमिनीतून जाणारी थरथर थोडी कमी होईल, हवेतून जाणारा भाग तसाच राहील.

कोपरा ही सगळ्यात वाईट जागा, तिथे बास आपोआप वाढतो. सबवूफर सोफ्याच्या जवळ आणा, अगदी मागे किंवा बाजूला, जवळ असला की लेव्हल खूप खाली आणूनही तुम्हाला तेवढाच जाणवतो. कमी पडलं तर सोफ्याला खालून लावायचा शेकर मिळतो, तो हवा न हलवता सोफाच हलवतो, फक्त सोफ्याच्या पायांखाली रबर हवं नाहीतर ती थरथर जमिनीत जाईल.

आता संवादांचं. तुमचे कान ठीक आहेत. सिनेमाचा साउंड मोठ्या थिएटरसाठी बांधलेला असतो, तिथे एका चॅनलची नेहमीची लेव्हल ८५ डेसिबल धरतात आणि स्फोट १०५ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे मध्ये २० डेसिबलची झेप. साधारण दर १० डेसिबलला आवाज दुप्पट वाटतो, तेव्हा तुम्ही कुजबुज ऐकू यावी म्हणून वाढवलंत की स्फोट चौपट होऊन अंगावर येणार, याला इलाज रिमोट नाही. साउंडबारच्या सेटिंगमध्ये नाइट मोड शोधा, कुठे त्याला डायनॅमिक रेंज कम्प्रेशन लिहितात, तो हळू आवाज वर आणतो आणि मोठा खाली दाबतो. सेंटर चॅनलची लेव्हल वेगळी वाढवता येत असेल तर दोन-तीन डेसिबल वाढवा, संवाद बहुतेक तिथूनच येतात. आणि टीव्हीच्या मेनूत आउटपुट बघा, कधीकधी ॲप ५.१, म्हणजे सहा चॅनलचा आवाज पाठवतं आणि साउंडबार दोनच चॅनलचा असतो, मग संवादांचा चॅनल मिसळताना दबून जातो.

जाता जाता, टीव्हीतलं ते मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम मनाने बनवतो आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. याचा शेजाऱ्यांशी काही संबंध नाही, पण मला राहवत नाही.

मंद_आच:
वासाचा आणि सिनेमाचा मेळ आमच्या घरी असा बसवलाय, शनिवारी तळण नाही, तळण दुपारी खिडकी उघडी असताना, संध्याकाळी झाकणाखाली शिजणारं काहीतरी. ओव्हनमध्ये किंवा स्लो कुकरमध्ये ठेवलं की सिनेमा संपता संपता तयार. वास येतो पण तो कोणाला खटकत नाही, उलट शेजारी विचारतात. फक्त लाल राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका, त्यातलं विष कमी तापमानाला जात नाही, आधी भिजवून ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मग स्लो कुकरमध्ये. आणि गॅसवर तेल ठेवून "एवढा सीन बघून येतो" हे कधीच नाही, त्यापेक्षा सिनेमा पॉज करा. तेल पेटलंच तर पाणी नाही ओतायचं, जमत असेल तर आच बंद करायची आणि झाकण सरकवायचं.

पॉपकॉर्नबद्दल कोणीच बोललं नाही. मायक्रोवेव्हमध्ये जळलेल्या पॉपकॉर्नचा वास माशांपेक्षा जास्त वेळ टिकतो, पैज लावते. दोन फुटण्यांत दोन सेकंदांचं अंतर पडलं की बंद, उरलेले दाणे गेले तर गेले.

तिसरा_मजला:
अरे बापरे, केवढं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. कपाट उघडून बघितलं, पाइप नाही. चिमणी फिरवाफिरवीचीच आहे आणि आत कोळशाचा फिल्टरच नाहीये, आधीच्या मालकांनी काढला असणार, नुसती जाळी आहे. मागवलाय. आणि मग डोक्यात आलं की चिमणी शाफ्टला जोडलेलीच नाही तर वरच्यांच्या बाथरूममध्ये वास जातो कसा? बाथरूमचा पंखा मात्र शाफ्टमध्ये जातो. म्हणजे स्वयंपाकघरातली हवा तो ओढतो आणि शाफ्टमध्ये टाकतो, एवढं कळलं. पण शाफ्टमधून वरच्यांच्या घरात का शिरावी?

सबवूफर सोफ्यामागे आणला, नाइट मोड सापडला. नवरा आधी म्हणाला मजा गेली, मग पूर्ण सिनेमा रिमोटला हात न लावता बघितला, त्यामुळे आता काही बोलत नाहीये.

माजी_बोर्डवाला:
सापडलं मग. बाथरूमच्या पंख्याला एकतर्फी झडप असते, पंखा बंद झाला की ती पडते आणि शाफ्टमधली हवा उलटी घरात येत नाही. वरच्यांची झडप धूळ बसून उघडीच अडकली असणार किंवा तुटली असणार. तपासणं सोपं आहे, त्यांनी आपला पंखा बंद ठेवायचा, तुम्ही तुमचा लावायचा आणि त्यांनी जाळीसमोर टिश्यू पेपर धरायचा. कागद खोलीच्या बाजूला उडला तर झडप गेली. नंतर तुमच्याकडेही हेच करून बघा, खालचे काही शिजवत असतीलच.

तिसरा_मजला:
म्हणजे त्यांच्याकडे जाऊन सांगायचं की पंखा तुमचा बिघडलाय? ज्यांनी तक्रार केलीये त्यांना?

मंद_आच:
मॅनेजरला बरोबर न्या, म्हणजे तो सांगेल आणि तुम्ही फक्त टिश्यू धराल. शनिवारी जाऊ नका.

उगाचच:
मी आत्ता माझ्या बाथरूममध्ये टिश्यू धरून बघितला. उडला. खालच्या मजल्यावर कोण राहतं ते शोधतोय.