मदत हवी: उजवा हात बधिर होतोय, निघायला २३ दिवस

जुना_स्वार
३६ वर्षं बाईक चालवतोय, असं कधी झालं नव्हतं. शंभरेक किमी झाले की उजव्या हाताला मुंग्या, मग बोटं बधिर. ब्रेकवर बोटं आहेत की नाहीत हे बघून कळतं. डायलिसिसच्या रुग्णांच्या निधीसाठी ९ दिवसांत ३६०० किमी जायचंय. देणग्या दर किलोमीटरमागे कबूल झाल्यात, तेव्हा 'अंतर कमी करा' हा सल्ला नको. चटकन उपाय सांगा.

एकसिलिंडर
जेलचे हातमोजे घ्या. माझं एका दिवसात थांबलं.

चाकोरीबाहेर
बाईक कोणती? बोटं कोणती? कधीपासून?

जुना_स्वार
बाईक नेहमीचीच. बोटं हाताची. उपाय विचारलाय, मुलाखत नाही द्यायची.

मीरा_फिजिओ
अहो काका, सगळं बोटांवरच आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर अल्नर नस, म्हणजे तळहाताच्या त्या कडेवर भार येतोय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मीडियन नस मनगटात दाबली जातेय, आणि मनगट वाकलेलं राहिलं की ते वाढतं. रात्री मुंग्यांनी जाग येते का? मधुमेह, थायरॉइड?

एकसिलिंडर
जेलचे मोजे दोन्हीला चालतात.

मीरा_फिजिओ
मोज्यामुळे ग्रिप जाड झाली की मूठ आणखी आवळली जाते. सगळ्यांना नाही चालत.

वजनदार
हँडलच्या टोकांना वजनं लावा. इंजिनची थरथर ठराविक आरपीएमला हँडलशी जुळते, वजनाने ते जुळणं नेहमीच्या वेगापासून दूर जातं. बाकी सगळं थोतांड.

चेनबाबा
दर ५०० किमीला चेनला तेल द्या. आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा. १८२० म्हणजे २०२० सालचा १८वा आठवडा. नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं.

जुना_स्वार
चेनचा हाताशी काय संबंध? अंगठा आणि त्यापुढची दोन. मधुमेह नाही. जाग येते, रात्रीतून दोनदा. हँडल बदलल्यापासून असेल बहुतेक.

चाकोरीबाहेर
हँडल बदललंय? आणि हे आत्ता सांगताय?

जुना_स्वार
पाठीसाठी दोन इंच उंच घेतलं. पाठ मस्त आहे, म्हणून नाही बोललो.

चाकोरीबाहेर
हँडल वर गेलं आणि लिव्हर जुन्याच कोनात खाली झुकलेले राहिले असणार. सीटवर बसा, डोळे मिटून हात ग्रिपवर ठेवा, बोटं सरळ करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेष यायला हवी आणि लिव्हर त्या बोटांखाली. क्लॅम्प ढिले करा, लिव्हर थोडे वर फिरवा, परत आवळा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना तेही बघा.

वजनदार
सोबत वजनंही लावा.

चाकोरीबाहेर
एका वेळी एकच बदल. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं?

पंक्चरपुराण
टायर ट्यूबलेस आहेत का? ट्यूबचे असतील तर चाक काढायची सवय आत्ताच करा.

एकसिलिंडर
इथे हाताचं चाललंय.

पंक्चरपुराण
बधिर हातांनी चाक कसं काढणार, तेच म्हणतोय.

जुना_स्वार
चार दिवसांनी लिहितोय. लिव्हर वर फिरवले. काल २४० किमी केले. १८० पर्यंत काही नाही, मग अंगठ्याला जरा मुंग्या. पाइप खरंच ताणला जात होता, लांब बसवायला दिलाय. त्या भरवशावर दोन महिने हिंडत होतो. रात्रीची जाग मात्र तशीच.

मीरा_फिजिओ
मग सगळा दोष बाईकचा नाही. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधा, आणि निघण्याआधी डॉक्टरांना दाखवाच. नस किती दाबली गेलीय हे तपासता येतं.

जुना_स्वार
सोमवारची वेळ घेतली. वजनं किती ग्रॅमची घ्यायची?

चेनबाबा
चेनचं काय केलंत?