बॅगपाइप वाजवणाऱ्या पायपरांच्या गोष्टी थापा, म्हणून धुनाही थापा?

रानवारा (धागाकर्ता)

शंकासुर यांनी परवा दुसऱ्या एका चर्चेत जाता जाता पिंक टाकली: "बॅगपाइप म्हणजे नऊ सुरांचा भोंगा. लोक रडतात ते धून ऐकून नव्हे, धुनेआधी सांगितलेली गोष्ट ऐकून. आणि त्या गोष्टी बहुतेक थापा." ती चर्चा फराळाच्या कुरिअरची होती, म्हणून तिथे गप्प बसलो. पण रात्रभर डोक्यात तेच. म्हणून हा धागा.

मी अकरा वर्षं स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला आहे. मॉय हे गाव इथून गाडीने वीस मिनिटं. १६ फेब्रुवारी १७४६ च्या रात्री तिथे मुक्कामाला असलेल्या, ब्रिटनच्या गादीसाठी बंड करणाऱ्या प्रिन्स चार्ल्सला (लाडाने 'चार्ली') पकडायला सरकारी बाजूचे दीडेक हजार लोक निघाले. वाटेत एका लोहाराने मूठभर माणसं अंधारात पसरवली आणि वेगवेगळ्या कुळांच्या नावाने आरोळ्या ठोकायला लावल्या. समोर अख्खं सैन्य आहे असं वाटून फौज पळत सुटली. त्या गोंधळात गोळी लागून मेला तो डोनाल्ड बान मॅक्रिमन, स्काय बेटावरच्या मॅक्लाउड सरदारांचा वंशपरंपरागत पायपर. (टुरिस्ट बसमधले गाइड त्याला चार्लीसाठी शहीद करून टाकतात. तो विरुद्ध, म्हणजे सरकारी बाजूला होता हो! हे माझं वेगळंच दुखणं.)

घरातून निघतानाच त्याला मरण दिसलं होतं आणि 'मॅक्रिमन परत येणार नाही' ही धून त्याने तेव्हाच रचली, असं सांगतात. मी शपथेवर सांगत नाही. पण दोनच महिने आधी इन्व्हरूरीला तो कैद झाला, तेव्हा शत्रूच्या पायपरांनी तो सुटेपर्यंत वाजवायला नकार दिला, हेही सांगतात. असल्या माणसाच्या नावावर गोष्टी जमणारच.

आता माझं. शेजारचे आजोबा गेले तेव्हा स्मशानात पायपर होता. लांब, एका झाडाखाली, पावसात. त्याने जे वाजवलं ते ऐकून माझ्या घशात आवंढा अडकला. 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' हे नाव, ती १५१३ च्या फ्लॉडनच्या कत्तलीची धून आहे, पायपर ती एरवी लोकांसमोर वाजवत नाहीत, हे सगळं मला तीन दिवसांनी कळलं. गोष्ट आधी नव्हती, शंकासुर. बोला.

शंकासुर

बोलतो. तुम्ही रडलात कारण शेजारचे आजोबा गेले होते. तिथे कुणी बँडवर 'सुखकर्ता' वाजवलं असतं तरी रडला असतात.

आता थापांकडे या. 'हाउज ऑफ क्रॉमडेल'. १६९० साली क्रॉमडेलला जॅकोबाइटांनी, म्हणजे गादीवरून घालवलेल्या स्टुअर्ट राजाच्या समर्थकांनी, सपाटून मार खाल्ला. गाण्यात मात्र राजाचा सेनापती मॉन्ट्रोझ येतो, सूड उगवतो, शत्रूची दाणादाण उडवतो. मॉन्ट्रोझला फासावर चढवलं १६५० मध्ये. चाळीस वर्षांपूर्वी लटकलेला माणूस लढाई जिंकून गेला! पुढे १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर दरगाईच्या टेकडीवर फिंडलेटर नावाचा पायपर दोन्ही पाय जायबंदी असताना बसून वाजवत राहिला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पेपरांनी छापलं, त्याने 'कॉक ऑफ द नॉर्थ' वाजवलं. तो स्वतः म्हणाला, 'हाउज ऑफ क्रॉमडेल'. वाजवणारा जिवंत असताना ही तऱ्हा, तर १७४६ चं काय घेऊन बसलात?

'हायलंड कथीड्रल', ज्यावर लोक लग्नात डोळे पुसतात, ती १९८२ साली दोन जर्मनांनी रचली. 'ग्रीन हिल्स ऑफ टायरॉल' ही रोस्सिनीच्या ऑपेरातली चाल, क्रिमियात सार्डिनियाच्या बँडकडून ऐकून एका पाइप मेजरने उचललेली. आणि पुरातन धुनांच्या पुरातन कहाण्यांचा मोठा साठा जिथून येतो, त्या पायपर अँगस मॅकायच्या १८३८ च्या पुस्तकातल्या टिपा वाजवणाऱ्याने लिहिलेल्याच नाहीत. त्या जेम्स लोगन या लेखकाच्या मानल्या जातात. साहेब, हे पॅकिंग आहे.

निषाद_कोमल

पॅकिंग बाजूला ठेवा, आतला माल बघा. 'नऊ सुरांचा भोंगा' म्हणणाऱ्याने पीब्रॉख, म्हणजे बॅगपाइपचं शास्त्रीय संगीत, कधी पूर्ण ऐकलंय का? आधी उर्लार, म्हणजे मूळ धून, अगदी संथ. मग तिच्यावर एकेक चढती आवृत्ती, टूर्लूआ, क्रूनलूआ, बोटांचं काम दाट होत जातं आणि शेवटी परत तोच उघडा उर्लार. दहा-पंधरा मिनिटं सहज. खाली तीन ड्रोन, म्हणजे एकच सूर धरणाऱ्या नळ्या, अखंड, आपल्या तंबोऱ्यासारखे. षड्ज धरून बघितलं तर निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे खमाज थाट. आणि शिकवायची पद्धत तोंडी: 'हिहारिन' वगैरे बोल गाऊन धून शिष्याच्या गळ्यात उतरवायची. तबल्याच्या बोलांना मान देणाऱ्यांनी तरी भोंगा म्हणू नये.

शंकासुर

आला खमाज. आमच्याकडे रिक्षाच्या हॉर्नमध्येही लोकांना राग सापडतो.

जुना_बँडवाला

दोघेही न वाजवता बोलताय. मी सैनिकी शाळेत चार वर्षं पाइप बँडमध्ये होतो, १९८४ ते ८८. बोलण्याचा हक्क मला आहे.

आमचे पाइप मेरठहून आलेले, शिसमचे. बँडमास्तर निवृत्त हवालदार. परेडच्या आधी अर्धा तास ते नुसते ड्रोनशी झटत. सांधा सैल वाटला की मेण लावलेला दोरा दोन वेढे अजून, मग ड्रोन सरकवून बसवायचा. दोन ड्रोन किंचित बेसूर असले की आवाजात वॉव-वॉव अशी लाट येते. मास्तर डोळे मिटून ड्रोन केसभर वर, केसभर खाली करत. लाट हळू होत होत जायची आणि एका क्षणी थांबायची. दोन ड्रोनांचा एक आवाज व्हायचा. मास्तर म्हणायचे, "आता हलू नकोस." त्या क्षणी अंगावर काटा यायचा. अजून कुणी धून सुरूच केलेली नसायची, आणि गोष्ट तर सोडाच.

शंकासुर यांचं एक बरोबर: या वाद्यात हळू-मोठं नाही आणि मध्ये थांबणंही नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तरी मधे बारीक कणसूर मारावा लागतो. सगळा जीव त्या बारीक सुरांत. पण आवाजावरून बोलायचं तर आधी आपल्या ढोल पथकांवर बोला. जुलै लागला की नदीकाठी रोज संध्याकाळी चाळीस ढोल. माझ्या आईला त्या दोन महिन्यांत झोपेची गोळी लागते. तिथे सूर जुळवायला कुणी अर्धा तास घालवतं का?

ध्वजधारी

पथकांना मधे ओढायचं कारण? आम्ही नोकऱ्या सांभाळून सराव करतो. बॅगपाइप संस्कृती आणि ढोल म्हणजे गोंगाट?

जुना_बँडवाला

माझ्या आईच्या खिडकीखाली या, मग संस्कृती सांगा.

रानवारा

ढोलासाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो.

आपल्याच मातीतली एक मस्त गोष्ट सांगतो. १८०३, असईची लढाई, जालना जिल्हा. ७८ व्या हायलंडर पलटणीत वादकांना हुकूम झाला की जखमींना मागे न्या. एका पायपरला वाटलं आपणही त्यात आलो. पाइप ठेवून तो जखमी उचलायला लागला. नंतर सोबत्यांनी त्याची लाज काढली. बासऱ्यावाले गेले तर गेले, पायपरने ऐन लढाईत मागे जायचं? नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत गड्याने असं काही वाजवलं की शिपाई हुकमाआधीच धावत सुटतील असं झालं, आणि कर्नल अ‍ॅडम्सला त्याला गप्प करावं लागलं. यात राजा नाही, भविष्यवाणी नाही, अपमान गिळलेला एक साधा माणूस आहे. ही तरी थाप वाटते का?

अडगावकर

मस्त गोष्ट?? आमच्या गावच्या शिवारात ती लढाई झाली. तुमचा "गडी" वाजवत होता तेव्हा समोर नागपूरकर भोसल्यांचे लोक मरत होते. त्यांची नावं कुणी लिहिली? त्यांच्याकडेही नगारे असतील, शिंगं असतील. इन्व्हर्नेसला बसून अडगावची गंमत सांगायला काय जातंय.

स्पष्टवक्ती

अडगावकर यांना +१. याच पलटणीच्या नावावर आणखी एक सांगते. १८५७, लखनौचा वेढा. जेसी नावाच्या मुलीला म्हणे सगळ्यांच्या आधी लांबून पाइप ऐकू आले आणि ती ओरडली, हायलंडर आले! वर्ष संपायच्या आत ही गोष्ट पेपरांतून जगभर फिरली. ती बनावट निघाली. तरी पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला डायन बूसिकोने त्यावर नाटक केलं. खलनायक कोण? नानासाहेब पेशवे. ते पात्र करायला नट तयार होईनात, म्हणून लेखक स्वतः उभा राहिला. त्यामुळे "गोष्टी खोट्या असल्या तर बिघडलं काय" हे मला नका सांगू. पाइपच्या एका खोट्या गोष्टीने आमच्या माणसाला राक्षस करून टाकलं.

रानवारा

जेसीची गोष्ट खोटी, मान्य. नानासाहेबांचं त्यात काय केलं ते मला माहीत नव्हतं. तेही मान्य. पण अडगावकर, राग माझ्यावर का? त्यांनी एका पायपरची फजितीसुद्धा लिहून ठेवली. आपण काय ठेवलं?

अडगावकर

जिंकणारा निवांत बसून लिहितो. हरणाऱ्याला आधी प्रेतं उचलावी लागतात.

निषाद_कोमल

आपणही ठेवलं की. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजी घोरपड लावून कडा चढतो. घोरपडीचं इतिहासकारांना पटत नाही. म्हणून सिंहगड खोटा होतो का? की पोवाडा ऐकताना मनगटावरचे केस उभे राहायचे थांबतात?

ध्वजधारी

घोरपडीवर शंका घेणाऱ्यांनी आधी तो कडा चढून दाखवावा.

निषाद_कोमल

मी पोवाड्याच्याच बाजूने बोलतोय!

ध्वजधारी

सूर तसा नव्हता.

शंकासुर

घोरपडीचा मुद्दा बरा आहे. बरा म्हणालो, पटला म्हणालो नाही. पण मग पोवाड्यासारखं सरळ म्हणा ना, ही शाहिरी आहे. बसमधला गाइड ती इतिहास म्हणून विकतो, राग त्याचा आहे. आणि तो तर रानवारा यांनाही आहे, स्वतःच कंसात लिहिलंय.

जुना_बँडवाला, तुमची ती ड्रोनची लाट थांबते ती गोष्ट मात्र डोक्यात राहिली.

रानवारा

काय हे, चक्क कौतुक! स्क्रीनशॉट काढून ठेवला. आता एक करा. 'लॅमेंट फॉर द चिल्ड्रन' पूर्ण ऐका. त्याबद्दल काहीही न वाचता.

शंकासुर

ऐकलं, काल रात्री. पहिली पाच मिनिटं भोंगा. बायकोने आतून विचारलं, कुकर कशाचा लावलाय. मग ती बाहेर येऊन बसली. शेवटी ती सुरुवातीची धून परत आली तेव्हा दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. बस, एवढंच. जास्त अर्थ काढू नये. गोष्ट वाचलेली नव्हती, याची नोंद घ्यावी.

रानवारा

पॅट्रिक मोर मॅक्रिमनच्या नावावर आहे. आठ मुलगे घेऊन चर्चला गेला होता, वर्षभरात सात देवीच्या साथीत गेले, असं सांगतात.

शंकासुर

सांगितलंत? झालं. आता परत लावलं की मी मुलगे मोजत बसणार.

जुना_बँडवाला

रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचं ड्रोन जुळवणं ठेवलं होतं का कापलं होतं? कापलं असेल तर दुसरं शोधा.