हवामानावर किती ढकलायचं?

लोक म्हणतात की स्वतःशी प्रामाणिक राहिलं की यश मिळतंच. त्या 'च'बद्दल मला शंका आहे, पण फरक पडतो खरा. देवगडजवळ आमची हापूसची कलमं. मोहोर गळला की मी ढगाळ हवेला शिव्या घालून मोकळा. मग वहीत फवारणीच्या तारखा मांडायला लागलो तेव्हा दिसलं, तुडतुड्यांवरची (मोहोराचा रस शोषून तो गाळणारी कीड) पहिली फवारणी दरवर्षी आठ-दहा दिवस उशिराच. पंप बिघडला, गडी आला नाही, गावची जत्रा होती... (जत्रेत सगळ्यात पुढे मीच!) २०१८ला हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, तेव्हा पेट्यांवर नाव छापायची घाई मात्र भारी. यंदा पंप नोव्हेंबरातच दुरुस्त करून पडवीत ठेवलाय.