चोवीस हजारांत पुढचे ब्रेक पॅड संपले, हा माझ्या पायाचाच दोष?

सुदामानगरवाली:
नमस्कार मंडळी. गाडी सोळा महिन्यांची, पेट्रोल, एएमटी (क्लचशिवायची, गिअर आपोआप बदलणारी), २४,१०० किमी झालेत. रोज इंदूरच्या सुदामा नगर ते पीथमपूर जाऊन-येऊन, आणि महिन्यातून एकदा धुळ्याला आईकडे. गेल्या आठवड्यापासून ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून चिर्रर्र आवाज येतोय. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. अर्ध्या तासात उत्तर आलं: पॅड गेले, डिस्कवर (चाकाबरोबर फिरते त्या चकतीवर) चरे पडलेत, दोन्ही बदला. पॅडचा सेट २,९५०, डिस्कची जोडी ६,४००, मजुरी १,७७०. एकूण ११,१२०. वॉरंटीत काही नाही, कारण "झिजणारी वस्तू".

पैशांपेक्षा पुढचं बोलणं जास्त लागलं. "मैडम, आपका पैर ब्रेक पर ही रहता होगा." जॉबकार्डावरही तसंच लिहिलं, चालवण्याची सवय म्हणून. मी अकरा वर्षं गाडी चालवतेय. आधीच्या गाडीचे पॅड ४६,००० ला बदलले होते, तेही याच रस्त्यांवर. चाक खोलताना मला आत येऊ दिलं नाही, जुने पॅड दाखवले नाहीत. काम थांबवून गाडी घरी आणलीय. पुढच्या रविवारी धुळ्याला जायचंय, गणेश घाट आणि सेंधव्याच्या पुढचा बीजासन घाट दोन्ही उतरायचे आहेत, म्हणून घाई आहे. काय करू?

राऊकर:
घाटात गिअर कुठला असतो? एएमटी डी मध्ये ठेवून गणेश घाट उतरलात तर गाडी वरच्या गिअरमध्ये जाते, इंजिन धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअलला टाकून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. मानपूरच्या पुढे ट्रकवाले काय करतात ते बघा, उतार लागायच्या आधीच गिअर पाडतात. माझेही पहिले पॅड ३०,००० ला गेले होते, चूक माझीच होती.

सुदामानगरवाली:
मी घाटात मॅन्युअलच वापरते, दुसरा गिअर. सिग्नलला मात्र डी मध्ये ब्रेक दाबून उभी असते. भंवरकुव्याला दोन-दोन मिनिटं. त्यानं झिजतात का?

जुना मिस्त्री:
ताई, नाही. उभ्या गाडीत पॅड झिजत नाही. चाक फिरत असेल तरच घासतं. वर्कशॉपवाल्याच्या त्या बोलण्याला काही आधार नाही.

आता नीट ऐका. तुमच्या पुढच्या ब्रेकला पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरानं कॅलिपरची, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याची, बॉडी दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणते. पिनांवरचं रबर फाटलं की पाणी-धूळ आत जाते, पिन जाम होते. मग बॉडी सरकत नाही आणि आतला पॅड एकटा राबतो. ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला चिकटून घासत राहतो. मी लोकमान्य नगरात सव्वीस वर्षं गॅरेज चालवलं. असल्या गाड्या पुष्कळ बघितल्या, त्यात नव्याही होत्या.

तुमचा आवाज एकाच चाकातून येतोय, हे महत्त्वाचं. पाय जड असता तर दोन्ही चाकं सारखी झिजली असती. चारही पॅड समोर मांडायला लावा. डावीकडचा आतला पातळ आणि बाहेरचा जाड असेल तर दोष पिनेचा. पॅड वॉरंटीत येत नाहीत हे खरं, पण कॅलिपर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत येतो.

डिस्कचंही तसंच. कमीत कमी किती जाडी चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं. मायक्रोमीटर लावून आकडा सांगा म्हणावं, "चरे आहेत" एवढ्यावर डिस्क बदलत नसतात. आणि पिनेला साधं ग्रीस लावू देऊ नका, त्यानं रबर फुगतं. ब्रेकचंच ग्रीस हवं.

आवाज असताना घाट उतरू नका, बेटा. आईला फोन करून सांगा.

राऊकर:
काका, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ताई, आधी पॅड बघा, गिअरचं नंतर बोलू. वर्कशॉप ऐकत नसेल तर कंपनीला लेखी मेल टाका, फोटो जोडून. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

सुदामानगरवाली (पाच दिवसांनी):
काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. मॅनेजरला भेटले आणि शेजारी उभी राहून चाक खोलायला लावलं. डावीकडचा आतला पॅड २ मिलीमीटर, बाहेरचा ७. उजवीकडचे दोन्ही ७. डाव्या कॅलिपरची खालची पिन हातानं हलतच नव्हती, रबराला चीर होती आणि आत गंज. मेकॅनिक पोरगा स्वतःच म्हणाला, "ये तो जाम है." डिस्क मोजली तर २१.३, तिच्यावर कमीत कमी २० कोरलंय. म्हणजे बदलायची गरजच नव्हती.

कॅलिपर वॉरंटीत मंजूर झाला, दोन दिवसांत आला. पॅडचे २,९५० आणि मजुरीचे ७०८ मी दिले. जॉबकार्डावरचा तो शेरा मात्र खोडून घेतला आणि त्यावर सही मागितली. पुढे काही निघालं तर तोच कागद माझ्यासमोर धरला असता. त्यासाठी पाऊण तास बसावं लागलं, बसले.

रविवारी धुळ्याला जाऊन आले. धामनोदला चहाला थांबले तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघितला, धग सारखीच होती. आईनं तुमच्यासाठी शेवग्याच्या शेंगा दिल्यात, काका. लोकमान्य नगरात कुठे आणून देऊ?